मराठी देऊन पोर्तुगीज घ्यावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: डिचोली तालुक्यातल्या एका बाईंनी लिहिलं आहे. नाव-गाव त्यांच्या सांगण्यावरून गाळलं आहे. वय चौतीस, म्हापशात एका वकिलांच्या ऑफिसात नोकरी. नवरा जहाजावर असतो, म्हणून सात वर्षांच्या मुलीला घेऊन त्या माहेरी राहतात. घरात कोंकणी बोलतात. पहिली ते चौथी गावच्या मराठी शाळेत झाली, पुढे इंग्रजी. हिंदी सगळ्यांना येते तशी येते. ऑफिसात जमिनीचे आणि वारसाहक्काचे जुने पोर्तुगीज कागद सतत येतात. ते पणजीच्या एका वयस्क भाषांतरकारांकडे पाठवावे लागतात आणि त्यात आठवडे जातात. एका दुपारी डबा खाताना कुणीतरी खेळ काढला: आपल्याला येणारी एक भाषा कायमची देऊन टाकायची, बदल्यात हवी ती दुसरी अस्खलित मिळणार. यांनी पटकन सांगितलं, 'मराठी देते, पोर्तुगीज घेते.' रात्री जेवताना गंमत म्हणून घरी सांगितलं. वडील निवृत्त मराठी प्राथमिक शिक्षक आहेत आणि त्यांची शेवटची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. 'म्हणजे माजी पस्तीस वर्सां फुकट गेली मगे,' एवढंच बोलून ते ताटावरून उठले. तेव्हापासून आपला पेपर वाचून झाला की तो लेकीसाठी टेबलावर ठेवायचं त्यांनी बंद केलं आहे. धाकट्या भावाने उलट पाठ थोपटली, 'बरोबर बोललीस, मराठी आपली नव्हेच.' त्यावरून बापलेकांत जुंपली. भरीला मुलीचा प्रश्न आहे. ती इंग्रजी शाळेत दुसरीत आहे आणि आजोबा तिला रोज संध्याकाळी तासभर मराठी वाचायला बसवतात. त्या तासात तिला पोर्तुगीज किंवा दुसरं काही उपयोगाचं शिकवावं असं आईला वाटतं. त्या विचारतात: 'माझं उत्तर चुकलं का? मराठी मला लागते कुठे? पोरीच्या डोक्यावर एवढ्या भाषांचं ओझं कशाला? आणि बाबांना मी काय सांगू?'

नमस्कार ताई,

आधी तो खेळ बघू, कारण बाकीचं सगळं त्यातून निघालं आहे.

खेळ काढणाऱ्याने दोन गोष्टी धरून चालल्या आणि त्या तुम्हीही न बोलता मान्य केल्यात. एक म्हणजे, नवी भाषा यायची तर जुनीने उठून जागा करून द्यायला हवी. दुसरी म्हणजे, जी भाषा द्यायची ती तुमच्या एकटीची आहे. पहिली गोष्ट सरळ खोटी. डोक्यात भाषांसाठी मोजक्या खुर्च्या मांडलेल्या नसतात. गोव्यात हे सांगायची गरज पडू नये. म्हापशाच्या बाजारात मासे विकणारी बाई गिऱ्हाईक बघून तीन भाषांत भाव करते आणि तिला कुणी बहुभाषिक म्हणून शाल-श्रीफळ दिलेलं नाही. दुसरी गोष्ट अर्धी खरी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

तुमचं उत्तर चुकलं असं मी म्हणणार नाही. खेळाच्या उत्तराला कसली चूक? पण ते इतकं पटकन का आलं, हे बघण्यासारखं आहे. तुमच्याजवळ चार भाषा होत्या. कोंकणी दिली असती तर घरात बोलणार कशात? इंग्रजी दिली तर पगार गेला. राहिल्या हिंदी आणि मराठी. मग हिंदी का नाही दिलीत? हिंदीत तुम्ही सिनेमे बघत असाल, पर्यटकाला रस्ता सांगत असाल, फार तर एवढंच. माझा अंदाज सांगतो. मराठी तुम्ही दिलीत, कारण तिच्यासाठी तुम्हाला कधी झिजावं लागलं नाही. इंग्रजीसाठी हायस्कुलात रडला असाल. मराठी मात्र बाबांच्या आवाजातच घरभर होती. जे फुकट आलं ते द्यायला हात आखडत नाही. शिवाय आतून तुम्हाला खात्री होती की दिली म्हटलं तरी ती कुठे जात नाही. म्हणजे सौद्यात तुम्ही थोडी लबाडी केलीत. सगळेच करतात. मला कुणी विचारलं तर सरकारी परिपत्रकांची मराठी मी या क्षणी देऊन टाकीन, बदल्यात काही मिळालं नाही तरी चालेल.

'मराठी मला लागते कुठे?' ऑफिसच्या वेळेत लागत नाही, मान्य. बाहेर लागते. चतुर्थीच्या आरत्यांत, सप्ताहाच्या भजनात, जत्रेच्या रात्री गावातलीच पोरं बसवतात त्या नाटकात, पेडणे-डिचोलीकडच्या दशावतारात. यातलं काही तुमच्या आयुष्यात नसेल तर नसेल. भाषा टिकावी म्हणून टाळ हातात घ्या, असं मी सांगणार नाही. मला तुमचा दुसराच मुद्दा खटकतो. मराठी जर तुम्हाला कुठेच लागत नसेल, तर ती तुमचा वेळही खात नाही. मग ती सोडून वाचणार काय?

आता पोर्तुगीज. ती शिकावीशी वाटणं यात वाकडं काही नाही, आणि बाबांनाही हे कुणीतरी सांगायला हवं. पोर्तुगीज १९६१ च्या डिसेंबरात गेले, त्यांचे कागद गेले नाहीत. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या आजच्या सरकारी नोंदीवर, कूळ कोण, कब्जा कुणाचा हे दिसतं. पण त्याआधी ती जमीन कुणी कुणाला विकली, कुठल्या वाटणीत कुणाच्या नावावर गेली, हे पोर्तुगीज दस्तांत आहे. आपला घरचा आणि वारशाचा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आला. वारशाचा भाग आता २०१२ च्या नव्या कायद्यात आहे आणि तो २०१६ च्या डिसेंबरात लागू झाला, तरी इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांतल्या वाटणीची, केस उभी राहिली की पणजोबांचा दस्त बाहेर काढावाच लागतो. हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. बनावट जुन्या कागदांवर जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. अशा काळात ज्याला मूळ दस्त वाचता येतो त्याला काम कमी पडणार नाही. तेव्हा तुमची इच्छा हौसेची नाही, पोटापाण्याची आहे. तिला घरात आणि मनात तसंच वागवा.

पण तुम्ही डिचोलीच्या आहात, हे विसरलात. तिसवाडी, बारदेश, सासष्टी सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांकडे होते. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हे नव्या काबिजादीतले मुलूख त्यांच्याकडे आले अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे तुमच्या भागातल्या देवस्थानाची किंवा देसाई-राणे घराण्यांच्या इनामाची गोष्ट मागे मागे नेली, तर एका टप्प्यावर पोर्तुगीज कागद संपतो. त्यामागचा धागा मराठीत जातो, तोही मोडीत. पणजीच्या पुराभिलेखागारातही पोर्तुगीज बाडांबरोबर मोडीतली कागदपत्रं आहेत.

ते पुराभिलेखागार ज्यांनी अनेक वर्षं सांभाळलं ते पांडुरंग पिसुर्लेकर तुमच्या शेजारच्या सत्तरीतले, पिसुर्ल्याचे. जन्म १८९४, निधन १९६९. लिस्बनच्या इतिहासकारांना पोर्तुगीज येत होती, पुण्याच्या इतिहासकारांना मराठी आणि मोडी. पिसुर्लेकरांना दोन्हीकडचं वाचता येत होतं, म्हणून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर लिहायला बसलेला कुणीही आजसुद्धा त्यांच्या कामाला वळसा घालून जाऊ शकत नाही. त्यांना कुणी तुमचा खेळ खेळायला लावला असता आणि त्यांनी तुमच्यासारखं उत्तर दिलं असतं, तर ते पोर्तुगीज वाचणाऱ्या पुष्कळांपैकी एक झाले असते.

तुमचंही तसंच. मराठी टाकून पोर्तुगीज घेतलीत तर पणजी-मडगावात ज्यांच्या घरात ती अजून बोलली जाते, त्यांच्यामागे तुम्ही रांगेत उभ्या राहाल, आणि त्यांचं पोर्तुगीज तुमच्यापेक्षा चांगलंच असेल. दोन्ही ठेवलीत आणि पुढे कधी वर्षभर मोडीवर घातलंत, तर नव्या काबिजादीतला कागद पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांत तुम्ही जाऊन बसाल.

सौदा करावाच लागतो, पण तो तासांचा असतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवते. इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांना पोर्तुगीज कामापुरती यायला वर्गातले साधारण ६०० ते ७५० तास लागतात, असा त्यांचा बरीच वर्षांचा हिशेब. हिंदीसारख्या भाषांना सुमारे ११००, आणि मराठी त्याच घरातली. तुमची स्थिती वेगळी आहे, पण गंमत बघा, डबा खाताना तुम्ही महाग वस्तू देऊन स्वस्त घ्यायला निघाला होता.

नोकरी, मूल आणि घर सांभाळून आठवड्याला पाच तास काढलेत तर ६०० तासांना सव्वादोन-अडीच वर्षं जातील. घाबरू नका, तुम्हाला बोलायची पोर्तुगीज आधी नको आहे. दस्त वाचायचे आहेत, आणि दस्ताची भाषा ठरावीक असते. हजर कोण, साक्षीदार कोण, चतुःसीमा काय, मोबदला किती, सही कुणाची. तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या ऑफिसच्या कपाटात मूळ दस्त आणि त्यांची झालेली भाषांतरं दोन्ही पडून आहेत. वकीलसाहेबांची परवानगी घ्या (पक्षकारांचे कागद आहेत, परवानगीशिवाय घरी नेऊ नका) आणि मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून ओळीला ओळ लावत चला. बरोबरीने वर्गही लावा. पणजीत कामोंइश संस्थेचं भाषा केंद्र आहे, विद्यापीठातही पोर्तुगीज शिकवतात. वर्गाशिवाय नुसत्या दस्तांवर शिकलात तर क्रियापदांत अडकाल. आणि ते पाच तास मराठीतून कापायचे नाहीत, तिथे तुमच्याच म्हणण्याप्रमाणे काही शिल्लकच नाही. ते मोबाइलमधून येतील. कुठल्या ॲपमधून, ते तुम्हीच बघा.

तुमच्या मनातली ती खात्री, की मराठी कुठे जात नाही, तीही जरा तपासून घ्या. मोठ्या वयात भाषेचं व्याकरण सहसा जात नाही, वाचनाचा वेग मात्र जातो. आज एखादा अग्रलेख मोठ्याने वाचून बघा. तिसऱ्या परिच्छेदात जीभ अडखळली, तर जी वस्तू तुम्ही सौद्यात मांडली होती ती तुमच्या हातात पूर्ण नव्हतीच.

आता बाबा. त्यांना काय ऐकू आलं हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

तुम्ही गंमतीत केलात तसा सौदा या भूमीवर एकदा हुकमाने लादला गेला होता. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी फर्मान काढलं, की लोकांनी कोंकणी सोडावी आणि पोर्तुगीज बोलावी. मुदत तीन वर्षं. तुमच्या अडीच वर्षांच्या हिशेबापेक्षा फार वेगळी नाही! ती मुदत संपून तीन शतकं उलटली आणि म्हापशात कोंकणी चालूच आहे. उलट १९६१ नंतर लिसेंवमध्ये (पोर्तुगीज हायस्कुलात) शिकलेल्या, पोर्तुगीजवर नोकरी-धंदा उभा केलेल्या माणसांना एका सकाळी कळलं की ऑफिसातली भाषा बदलली. पुढे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. तुमच्या बाबांचं शिक्षण आणि नोकरी त्याच लाटेतलं असणार. १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली. १९९० मध्ये सरकारने ठरवलं की प्राथमिकला अनुदान मिळेल ते मातृभाषेतल्या शाळांनाच, आणि २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही ते खुलं झालं. 'उपयोगाची भाषा कोणती' या प्रश्नाचं उत्तर गोव्यात एका माणसाच्या हयातीत इतक्या वेळा बदललं आहे. १९५५ साली कुणी हुशारीने मराठी देऊन पोर्तुगीज घेतली असती, तर सात वर्षांनी त्याचा चेहरा कसा झाला असता?

बाबांनी यातलं बरंच वर्गात उभं राहून अंगावर घेतलं आहे. नोकरी लागली तेव्हा बाकं पुरत नसतील. शेवटी दाखले काढायला येणारे आईबाप त्यांनी बघितले आणि मग कुलूप. त्यातला प्रत्येक बाप हेच विचारून गेला असेल, की मास्तर, मराठी घेऊन पोराला लागणार कुठे? आता तोच प्रश्न ताटावर बसून पोटची पोर विचारते. त्यांना खेळ ऐकूच आला नाही, आणखी एक दाखला काढलेला दिसला.

इथे ती अर्धी खरी गोष्ट येते. तुमची मराठी तुमची आहे, पण तिचं दुसरं टोक त्यांच्या हातात आहे. कुठलीही भाषा द्यायची म्हटली की पलीकडे कुणीतरी असतंच. म्हणून त्यांना 'गंमत होती हो' असं सांगू नका. ती पूर्ण गंमत नव्हती, आणि ज्याने आयुष्यभर पोरांच्या थापा ऐकल्या त्याला हे कळतं. जे खरं आहे ते कोंकणीतच सांगा: मला कामासाठी पोर्तुगीज हवी आहे, मी शिकणार आहे. मराठीचं नाव घेतलं, कारण ती माझ्याकडून कुणी काढून घेईल असं मला कधी वाटलंच नाही. एवढं बोलून थांबा. लगेच उत्तराची अपेक्षा धरू नका, आणि नातीला मध्यस्थ करून पाठवू नका.

मग काही दिवसांनी, मोडी शिकायचं खरंच मनात आलं तर, त्यांना विचारा. त्यांना मोडी येत असेल किंवा नसेल. पण जुनी मराठी वाचताना कुठला शब्द कुठे तोडायचा हे त्यांना तुमच्यापेक्षा नक्की कळेल. मन राखण्यासाठी विचारायचं नाही, कामासाठी विचारायचं. मास्तर लोकांना यातला फरक लगेच कळतो.

चूक एकट्या तुमच्या बाजूला आहे असंही नाही. लेकीच्या एका वाक्यावरून पस्तीस वर्षांचा निकाल लावणं हे बाबांचंही चुकतंय. त्यांनी वाचायला शिकवलेली माणसं आज डिचोलीभर आहेत, त्यांतली काही हे वाचत असतील. मास्तर, तुम्हीही वाचत असाल तर पेपर टेबलावर ठेवा.

तुमच्या भावाबद्दल फार लिहीत नाही. ऐंशीच्या दशकातलं कोंकणी-मराठी राजभाषेचं भांडण जेवणाच्या ताटावर आणायला त्याला तुमचं वाक्य मिळालं, एवढंच. देवनागरी कोंकणी गोव्याची राजभाषा आहे, आणि त्याच १९८७ च्या कायद्यात शासकीय कामकाजासाठी मराठीच्या वापरालाही जागा ठेवली आहे. दोन्ही गोष्टी एका कागदावर आहेत. बा. भ. बोरकरांनी दोन्हीत कविता केल्या. लक्ष्मणराव सरदेसायांनी मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज अशा तिन्हीत लिहिलं. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ६६ टक्के लोकांनी मातृभाषा कोंकणी लिहवली, जवळपास ११ टक्क्यांनी मराठी. भाऊ हा आकडा तोंडावर फेकेल. पण तो प्रश्न मातृभाषेचा होता. रोज सकाळी मराठी पेपर वाचणाऱ्या तुमच्या बाबांनीही तिथे कोंकणीच सांगितली असेल.

मुलीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तिथे मी तुमच्या बाजूने फारसा नाही.

'ओझं' हा समज आधी बाजूला ठेवा. दोन-तीन भाषा कानावर पडल्या म्हणून मुलं गोंधळत नाहीत. एका वाक्यात दोन भाषा मिसळतात, तेही वाढीचाच भाग आहे. पण मुलं जितक्या सहज भाषा उचलतात, तितक्याच सहज टाकतातही. कोरियात जन्मलेली आणि तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रेंच घरांत दत्तक गेलेली मुलं मोठी झाल्यावर संशोधकांनी त्यांची परीक्षा घेतली. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर अनोळखी भाषांतून कोरियन वाक्यं ओळखून काढणंही त्यांना जमलं नाही. त्यांतली मोठी मुलं आठ वर्षांची होईपर्यंत जी भाषा घडाघडा बोलली असतील, तीही गेली! तुमची मुलगी कोंकणी घरात वाढते आहे, तिचं तसं होणार नाही. पण सातव्या वर्षी कच्चं असलेलं वाचन आपोआप टिकेल असं समजू नका.

आणि आजोबा तिला त्या तासात एकच भाषा देताहेत का? ती देवनागरी वाचायला शिकते आहे. शाळेतली हिंदी देवनागरीत, राजभाषा कोंकणी देवनागरीत. जोडाक्षरं फोडायला एकदा जमली की तिन्हींचं दार उघडतं. ओझ्याचा हिशेब करायचा तर हा तास ओझं कमी करतो.

तासाचा कंटाळा हा वेगळा मुद्दा. शाळेतून दमून आलेल्या दुसरीच्या पोरीला रोज साठ मिनिटं शुद्धलेखन घालत असतील, तर ती मराठीला नाही, त्या तासाला कंटाळेल, आणि दोन वर्षांनी दोन्ही एकच होतील. तिला विचारा. वीस मिनिटं पुरे. गोष्ट वाचायची, जत्रेच्या नाटकाची जाहिरात वाचायची, आजोबांनी क्रिकेटची बातमी अर्ध्यावर सोडायची आणि पुढचं तिने वाचायचं. हा बदल तुम्ही सुचवू नका, आत्ता तुमचं तोंड तिथे चालणार नाही. तिलाच सांगू द्या.

पोर्तुगीज तिला आत्ता नको. घरात बोलायला कुणी नाही, शेजारी नाही, ऐकायला काही नाही. आठवड्यातून दोन तासांच्या क्लासने सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात भाषा बसत नाही, फक्त फी बसते. तुम्ही स्वतः शिकून घरात दोन वाक्यं टाकायला लागलात तर ती आपण होऊन विचारेल. गोव्यात काही हायस्कुलांत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेता येते, तेव्हा बघा.

याच तऱ्हेची आणखीही पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. पोर्तुगालचा पासपोर्ट काढून लंडनला जायच्या तयारीत असलेल्यांनी लक्षात घ्यावं, की २०२० च्या अखेरीपासून त्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये थेट राहता-कमावता येत नाही, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जिथे राहणार तिथली भाषा शिका, पासपोर्टवरची नव्हे. जर्मनीला निघालेल्या नर्स मुलींना तिथे कामाची मान्यता मिळवायला बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची बी-२ पातळी लागते. ते काम पूर्ण वेळाचं आहे. तेवढं वर्षभर बाकी सगळं बाजूला ठेवलंत तर कुणी नाव ठेवू नये, भाषा परत येतात. सावंतवाडी-कोल्हापूरकडून गोव्यात स्थायिक झालेल्यांनी 'कोंकणी शिकलो तर मुलांची मराठी बिघडेल' ही भीती सोडावी. इथल्या सरकारी नोकरीच्या जाहिरातींत कोंकणीचं ज्ञान आवश्यक असतं आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं लिहिलेलं असतं. तुमच्याजवळ दुसरी आधीच आहे, पहिली घ्या.

ताई, शेवटची गोष्ट पणजीच्या त्या भाषांतरकारांची. तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेले, पण माझं लक्ष मात्र त्यांच्यावरच अडकलं. वयस्क आहेत म्हणता, आठवडे लावतात म्हणता. याचा अर्थ हाताखाली कुणी नाही. त्यांना फोन करा. 'मला शिकवाल का' असं विचारू नका, नाही म्हणतील. त्यांचा मजकूर टाइप करून द्यायची तयारी दाखवा. हाताने लिहीत असतील तर हे त्यांना हवंच असणार. महिन्यातून दोन शनिवार अर्धा दिवस मोकळा मिळेल का, हे वकीलसाहेबांना विचारा, आणि विचारताना सांगा की कागद लवकर सुटतील ते ऑफिसचेच. टाइप करता करता मूळ दस्त समोर असेल, अडलेलं विचारता येईल, आणि जुनं हस्ताक्षर कसं वाचायचं हे भाषेच्या वर्गात सहसा शिकवत नाहीत ते तिथे शिकाल. पैशाचं पहिल्या दिवशी बोलू नका, सहा महिन्यांनी मात्र स्पष्ट बोला.